लेण्यात नाव कसं टाकावं

पाऊस लागला, धबधबे सुटले, म्हणजे चाळीसगावकडून पाटणादेवीला तुम्ही जाणारच. देवीचं दर्शन झालं की डोंगरात नागार्जुन कोठडी या जैन लेण्यापर्यंत चढणारही. तर भाऊ, थोडं मार्गदर्शन.

खिळा नेऊ नका. काळ्या दगडावर नीट उठत नाही, हात दुखतो. पांढरा ऑइलपेंट आणि बारका ब्रश न्या.

जागा हेरून निवडा. भिंती काय, सगळेच रंगवतात. गेल्या रविवारी बहिणीच्या पोरांना घेऊन गेलो, तर एका कलावंताने थेट तीर्थंकराची मांडी धरली होती. बदाम, त्यात आरपार बाण, दोन नावं, खाली तारीख. तारीख त्याच दिवसाची. रंग माझ्या बोटाला लागला. दुसरीतली भाची एकेक अक्षर जुळवत वाचून म्हणते, "मामा, या देवाचं नाव हे आहे का?"

वेफर्सची रिकामी पाकिटं शेजारच्या लेण्यात, सीतेच्या न्हाणीत टाकावीत.

कोणी हटकलंच तर सांगा, कोरायची आपली परंपराच आहे. पुरावा मी देतो. याच पाटण्याच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याचं टरफल निघालं. सुमारे २५,००० वर्षांपूर्वी कोणीतरी त्यावर रेघांची जाळी कोरून ठेवलीय. घाटापलीकडे पितळखोऱ्याच्या लेण्यांतल्या दगडी यक्षाच्या हातावर तर चक्क नाव आहे, कान्हदास सोनाराचं. दोन हजार वर्षं टिकलंय. यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, नावासकट.

पण कान्हदासाने आधी तो यक्ष घडवला रे! पोट सुटलेला, गालात हसणारा. छिन्नी-हातोडीने दिवसचे दिवस घासले असतील, मग हातावर नाव घातलं. तू काय घडवलंस? पेट्रोल भरून आलास, शेवभाजी हाणलीस आणि कोणा अनामिक पाथरवटाच्या हजारेक वर्षांच्या कामावर ब्रश फिरवलास. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्याखाली याला दोन वर्षं कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, माहितीये? नसेलच. त्या डोंगरात बघायला तरी कोण बसलंय, म्हणून तर तुझं धाडस. पुरातत्त्व खात्याचा निळा फलक दाराशीच उभा होता, त्यावरही तुझाच बदाम.

आणि पोरीचं नाव तरी नीट लिहायचंस, गाढवा. वेलांटी चुकलीय.