‘14 च्या खाली आलं की ड्रायव्हर चोर’ या मेसेजला माझ्या डिझेलच्या वहीतून उत्तर

गेले दोन आठवडे ठाणे-नवी मुंबईतल्या गाडीवाल्यांच्या प्रत्येक ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. डिझेल व्हॅनचं ॲव्हरेज लिटरला 14 किमी आलंच पाहिजे कारण कंपनीच्या कागदावर तसं लिहिलंय, त्याच्या खाली आलं तर एकतर कंपनी खोटारडी, नाहीतर पंप खातोय, नाहीतर ड्रायव्हर डिझेल काढतोय, आणि काय ते कळेपर्यंत फरक ड्रायव्हरच्या पगारातून कापा. खाली डिझेल वाचवायचे उपाय. माझ्या दोन व्हॅन घोडबंदर रोडवरून महापे एमआयडीसीला स्टाफ नेतात, प्रत्येक वेळी भरलेलं डिझेल आणि किलोमीटर वहीत लिहिलेलं आहे, आणि या मेसेजवरून खरोखर पगार कापले जातायत म्हणून लिहितोय.

पहिलं, कंपनीचा आकडा. तो खोटा नाही पण तो आपल्या रस्त्याचा पण नाही. साडेतीन टनाच्या आतल्या गाडीची टेस्ट रोलरवर होते, गाडी जागेवर उभी आणि चाकं फिरतायत. 1180 सेकंद, म्हणजे वीस मिनिटं पण पुरी नाहीत, साधारण साडेदहा किमी, टॉप स्पीड 90 आणि सरासरी तासाला 32 च्या आसपास, एसी बंद. डिझेल किती जळलं ते टाकी मोजून नाही तर सायलेन्सरमधून निघणाऱ्या वायूंतल्या कार्बनवरून काढतात. दोन गाड्या एकमेकींशी तोलून बघायला हा आकडा चांगला आहे, पण त्यात कापूरबावडीचा सिग्नल नाही, खड्डे नाहीत, मागे 13 माणसं नाहीत. मेसेजमध्ये फोक्सवॅगनचा दाखला दिलाय, तोही चुकीचा. 2015 ला ती कंपनी पकडली गेली ती नायट्रोजन ऑक्साइडच्या टेस्टमध्ये सॉफ्टवेअर घालून फसवलं म्हणून, मायलेज फुगवलं म्हणून नाही.

मग डिझेल जातं कुठे? उभं राहण्यात जातं. कासारवडवली ते महापे साधारण 25 किमी धरा, कळवा पूल, विटावा, दिघा, ऐरोली करत. पहाटेच्या ट्रिपला रस्ता मोकळा, गाडी 12.5 देते, म्हणजे 2 लिटर. संध्याकाळी परत येताना तीच गाडी, तोच ड्रायव्हर, तासभर जास्त, त्यातलं बरंचसं जागेवर उभं किंवा हाफ क्लचवर सरकत, एसी चालू. असं डिझेल इंजिन नुसतं उभं राहून तासाला अर्धा ते एक लिटर पितं, आपण 0.8 धरू. झाले 2.8 लिटर, आणि 25 भागिले 2.8 म्हणजे 8.9. कोणी थेंबभर चोरलं नाही आणि साडेतीन किमीचं ॲव्हरेज विटाव्याच्या पुलाखाली गेलं.

आता ड्रायव्हरवाला मुद्दा, आणि हा मला सगळ्यात जास्त लागलाय कारण ही चूक मी स्वतः केली आहे. एका आठवड्यात 266 किमीला 32 लिटर बसलं, ॲव्हरेज 8.3. एरवी साडेनऊ असायचं. मी ड्रायव्हरला विचारलं, तो म्हणाला, ‘दादा, गाडी पंपावर तिरकी लागली होती हो, मागच्या वेळी फेसाने नोझल लवकर कट झालं होतं.’ मला ती सबब वाटली आणि मी पैसे कापले. पुढच्या आठवड्यात 285 किमीला फक्त 26 लिटर बसलं, ॲव्हरेज जवळजवळ 11! मग वही घेऊन बसलो आणि दोन्ही आठवडे एकत्र केले, 551 किमी, 58 लिटर, बरोबर 9.5. म्हणजे गाडीचं काही बदललंच नव्हतं. डिझेल भरताना फेसाळतं, फेस नोझलला लागला की मशीन थांबतं, टाकीत जागा असते पण आपण ‘फुल्ल’ समजतो, ते राहिलेले चार लिटर पुढच्या वेळी बसतात आणि हिशेब बोंबलतो. तो माणूस खरं सांगत होता. पैसे परत दिले, माफी मागितली, पण त्या आठवड्यात तो माझ्याकडे बघत नव्हता ते अजून आठवतं. एका टाकीवरून कोणालाही चोर ठरवू नका, निदान पाच वेळा, एकाच पंपावर, गाडी सपाट लावून, फेस बसू देऊन टाकी फुल्ल करा आणि सगळे किमी भागिले सगळे लिटर करा.

पंपाचं म्हणाल तर ठाणे पोलिसांनी 2017 ला पंपांवर छापे घालून मशीनमधली छेडछाड पकडली होती, तेव्हा सगळे धुतल्या तांदळाचे असं मी म्हणणार नाही. शंका असेल तर 5 लिटरचं शिक्क्याचं माप मागा, तो आपला हक्क आहे, 25 मिलीपर्यंतचा फरक चालतो. पण 14 चं साडेनऊ फक्त पंपामुळे झालं असेल तर 60 लिटरच्या रिकाम्या टाकीत मशीनने 88 लिटर दाखवायला पाहिजे. असं कोणाला दिसलंय?

उपायांपैकी पहाटे थंड डिझेल भरायचा उपाय सोडून द्या. 10 अंशांचा फरक पडला तरी डिझेल टक्काभरही फुगत नाही आणि पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथे सकाळ-दुपार फारसा फरकच नसतो. एसी बंद केला तर थोडं वाचतं हे खरं, पण मेसेज म्हणतो तसं लिटरला 3 किमी नाही, माझ्या वहीत एकच्या आसपास.

न्यूट्रलचा उपाय मात्र हात जोडून सांगतो, करू नका. गायमुखच्या उतारावर भरलेली व्हॅन न्यूट्रलला टाकायची म्हणे! आजकालच्या कॉमन रेल इंजिनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर डिझेल मोजून सोडतो अशा इंजिनमध्ये, गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की डिझेल बंदच होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं तर इंजिन चालू ठेवायला उलट डिझेल लागतं, वर इंजिन ब्रेक जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो, आणि मागे लोकांची लेकरं बसलेली असतात.

शेवटी बीएस 6, म्हणजे धुराच्या नव्या नियमांच्या गाड्या. मेसेज म्हणतो, ‘ॲडब्लूने डिझेल पातळ होतं, डीपीएफ काढून टाका.’ ॲडब्लू डिझेलमध्ये जातच नाही, त्याची टाकी वेगळी, ते युरियाचं पाणी धुरात फवारलं जातं. डीपीएफ म्हणजे सायलेन्सरच्या वाटेतला काजळी अडवणारा फिल्टर, त्यात काजळी साठते आणि ती जाळायला थोडं जास्त डिझेल लागतं, हे खरं आहे, ट्रॅफिकमध्ये ते जळणं अर्धवट राहतं म्हणून डॅशबोर्डवर डीपीएफचा लाइट लागतो. पण काढून टाकलं तर तोच काळा धूर आपल्याच सोसायटीच्या गेटवर सुटणार. आमच्याकडे लाइट लागला की ड्रायव्हर पहाटे साडेपाचला रिकामी गाडी ठाणे-बेलापूर रोडला वीसेक मिनिटं एका स्पीडने पळवतो, आणि वहीत त्या दिवसाच्या लिटरपुढे त्याच्याच अक्षरात ‘लाइट गेला’ लिहितो.