नळाचं पाणी माहेरचं

मुलुंडला आमच्या घरापासून थोड्या अंतरावर मुंबईच्या पाण्याच्या त्या प्रचंड जलवाहिन्या आहेत. माझं माहेर शहापूर तालुक्यातलं. तानसा तलाव तिथलाच, 1892 चा. भातसाही तिथलाच, मुंबईचं जवळपास निम्मं पाणी देणारा. नळ सोडला की माझ्या घरात माहेरचं पाणी येतं, आणि एप्रिल-मेमध्ये त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट बघत हंडे रांगेत असतात. टँकरवर बोलणारे पुष्कळ आहेत. मला मातीबद्दल बोलायचंय.

दादाची दोन एकर भातशेती. गेली चार वर्षं त्याने खाचरात नांगर घातलेला नाही. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळ्यांनी विकसित केलेलं सगुणा राईस तंत्र त्याने धरलंय. रोपांसाठी पालापाचोळा जाळून राब भाजायचा नाही, खाचरात पाणी साचवून चिखलणी नाही, रोपांची लावणी नाही. एकदाच गादीवाफे करायचे, लोखंडी साच्याने भोकं पाडून बी टोकायचं, आणि कापणीनंतर मुळं जमिनीतच राहू द्यायची. पहिल्या वर्षी बाबा दिवसभर त्याच्याशी बोलले नव्हते. चिखलणीशिवाय भात म्हणजे त्यांना खुळेपणा वाटला.

पण मुळं कुजली की त्यांच्या जागी बारीक नळ्या राहतात, त्यातून पाणी आणि हवा खाली जाते. आता तिथे कुठेही खणलं तरी गांडुळं निघतात. भातानंतर नुसत्या ओलीवर वाल होतो. तणनाशक वापरावं लागतं ते मात्र मला अजूनही खटकतं, दादाला तसं सांगितलंही आहे.

हे सगळं टिकलं ते एका कृषी सहायकामुळे. पहिल्या पावसाळ्यात तण माजलं आणि दादा वाफे मोडायला निघाला, तेव्हा तो माणूस भर पावसात बांधावर येऊन उभा राहिला. त्या हंगामात चार वेळा आला. पुढे त्याची बदली झाली.

याउलट मृदा आरोग्य पत्रिका बघा. शेतकऱ्याला त्याच्या मातीचा तपासणी अहवाल देणारी 2015 ची सरकारी योजना, 12 घटकांची तपासणी, हेतू उत्तमच. पण कोरडवाहू भागात 10 हेक्टरला एक नमुना! आमच्याकडे 10 हेक्टरांत वरचा हलक्या जमिनीचा वरकस माळही येतो, खालचं खाचरही येतं आणि पंधरा-वीस जणांचे तुकडेही. ती पत्रिका नेमकी कुणाच्या मातीची?

ठिबकचंही तेच. लहान शेतकऱ्याला राज्यात केंद्राच्या योजनेतून 55 आणि राज्याच्या योजनेतून 25 असं मिळून 80 टक्के अनुदान आहे. पण आधी सगळे पैसे स्वतः भरायचे. दादाने अर्ध्या एकर भेंडीसाठी उसनवारी केली, अनुदान अकरा महिन्यांनी आलं. तोवर नळ्या चोंदल्या होत्या. फिल्टर किती दिवसांनी धुवायचा, टोकाच्या बुचातून गाळ कसा सोडायचा, हे कुणी येऊन दाखवलंच नाही. त्या नळ्या आज विहिरीपाशी गुंडाळून पडल्यात आणि भेंडीला पुन्हा पाटाने पाणी चाललंय. कागदावर मात्र ते अर्धा एकर 'सूक्ष्म सिंचनाखाली' आहे.

म्हणून माझं ठाम मत आहे की पैसा साहित्यावर कमी आणि माणसांवर जास्त खर्च व्हायला हवा. निदान तीन वर्षं एका ठिकाणी राहणारा, माती-पाणी जाणणारा माणूस हवा, शक्यतो त्याच गावातला. आणि हा खर्च मुंबईने उचलावा. धुपलेली माती शेवटी आपल्याच धरणांत गाळ होऊन बसते. न्यूयॉर्क शहर नव्वदच्या दशकापासून आपल्या पाणलोटातल्या शेतकऱ्यांच्या जमीन सुधारणेसाठी पैसे देतं, कारण पाणी गाळण्याचा अवाढव्य प्रकल्प बांधण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. आपली महापालिका तर देशातली सर्वांत श्रीमंत. तानसा-भातसाच्या पाणलोटातल्या गावांसाठी असे वीस-पंचवीस कार्यकर्ते आणि अनुदान येईपर्यंत ठिबकला बिनव्याजी उचल, एवढं तिला जड नाही.

पालिकेला देण्यासाठी पत्राचा मसुदा केलाय. मुलुंड-भांडुपकडच्या कुणाला वाचून सही करायची असेल तर खाली लिहा. शहापूर, मुरबाड, वाड्याकडचे कुणी असाल तर तुमच्याकडे ठिबकची काय स्थिती आहे तेही सांगा, पत्रात घालते.