'जग भोपाळ विसरलं' म्हणणाऱ्यांना

डिसेंबर उजाडला की आमच्या नाशिकमधल्या सातपूरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदाही आला. त्याचं म्हणणं असं: भोपाळ, म्हणजे 1984 मध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटून हजारो माणसं गेली तो प्रकार, जग केव्हाच विसरलं, तो एका कामगाराने केलेला घातपात होता, भरपाई मिळाली आणि विषय संपला, मग चाळीस वर्षांनी उगाळून काय उपयोग? मी एमआयडीसीत सेफ्टीचं काम करतो. हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी विसरण्याचं बघू. भोपाळनंतर आपल्याकडे 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. 1987 मध्ये कारखाना कायदा बदलला आणि आत काय घातक आहे ते कामगाराला नि शेजारच्या वस्तीला सांगणं मालकावर बंधनकारक झालं. घातक रसायनांचे मोठे साठे असलेल्या कारखान्यांना दर सहा महिन्यांनी मॉक ड्रिल, म्हणजे अपघाताची रंगीत तालीम, करायला लावणारे नियम 1989 चे. अमेरिकेतही 1986 मध्ये वस्तीला माहितीचा हक्क देणारा कायदा झाला. त्याच्या आदल्याच वर्षी वेस्ट व्हर्जिनियात त्याच युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून गळती होऊन शंभरावर माणसं रुग्णालयात गेली होती. भीतीपोटी का होईना, लक्षात ठेवलं. युरोपनेही 1987 मध्ये आपले नियम कडक केले. अंबड-सातपूरला सायरन होतो, माणसं असेंब्ली पॉइंटला जमतात, हजेरी होते, तेव्हा भोपाळचीच आठवण काढली जात असते. फक्त नाव कोणी घेत नाही.

घातपात ही कंपनीची बाजू. घटकाभर मानू की मिथाइल आयसोसायनेट या विषारी रसायनाच्या टाकीत पाणी कोणीतरी मुद्दाम सोडलं आणि ते तापून वायू सुटला. पण ते रसायन थंड ठेवणारी यंत्रणा जून 1984 पासून बंद होती, ती कोणी बंद केली? वायू जाळून टाकणाऱ्या फ्लेअरचा पाइप दुरुस्तीसाठी काढून ठेवलेला होता. वायू धुणारा स्क्रबर त्या लोंढ्यापुढे टिकला नाही. सुमारे 40 टन विष हवेत गेलं. एका माणसाच्या हातून एवढं होत असेल, तर दोष कारखाना चालवणाऱ्यांचाच.

भरपाईचं म्हणाल तर 1989 मध्ये 47 कोटी डॉलरवर तडजोड झाली. बहुतेक जखमींच्या हाती आधी 25,000 रुपये आले, पुढे तेवढेच आणखी. 2010 मध्ये कंपनीच्या भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. युनियन कार्बाइडचे तेव्हाचे प्रमुख वॉरेन अँडरसन खटल्याला कधी आलेच नाहीत, 2014 मध्ये वारले. आवारातला 337 टन विषारी कचरा इंदूरजवळच्या पिथमपूरला हलायला 2025 उजाडलं. याला विषय संपला म्हणतात? इथे मात्र मेसेजवाल्यांचं अर्धं खरं आहे. नियम लक्षात राहिले, माणसं नाही राहिली. भोपाळच्या वायुपीडित रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला यांना 2004 मध्ये पर्यावरणासाठीचा गोल्डमन पुरस्कार मिळाला, तो रस्त्यावर उतरून हे विसरू न दिल्याबद्दल.

आणि उगाळून काय उपयोग? मागच्या ड्रिलला सायरन झाला आणि एक नवा कंत्राटी पोरगा सरळ गेटकडे सुटला, वारा वाहत होता त्याच दिशेने. दंड धरून थांबवला. छपरावरची केशरी-पांढरी कापडी नळी, विंडसॉक, दाखवली. म्हटलं, हिच्याकडे आधी बघायचं, मग वाऱ्याला आडवं निघायचं. भोपाळला त्या रात्री कित्येक जण वायूबरोबरच पळाले. वस्तीसाठीचा भोंगा थोडा वेळ वाजवून बंद केला होता. हमीदिया रुग्णालयातल्या डॉक्टरांनाही वायू कोणता ते माहीत नव्हतं.

पोराने भोपाळचं नाव ऐकलेलं नव्हतं. थोडा वेळ वर बघत राहिला. मग म्हणाला, "सर, ओलं फडकं तोंडावर धरा, एवढंसुद्धा कोणी सांगितलं नाही त्यांना?"

"नाही," म्हटलं.