रॉस आयलंडचे बंगले कुणी बांधले तेही लिहा की

रॉस आयलंडवरचा तुमचा लेख मस्त, फोटो तर कडकच, पण अंदमानच्या रॉस आयलंडवरच्या पडक्या इंग्रज बंगल्यांना नुसतं 'पूर्वेचं पॅरिस' म्हणून सोडून दिलंत ते काही पटलं नाही. अहो ती शेवटी सरकारी क्वार्टर्सच ना, १८५८ मध्ये १८५७ च्या उठावातले कैदी आणून डॉ. वॉकर या इंग्रज अधिकाऱ्याने वसाहत सुरू केली, जंगल तोडायला आणि बांधकामाला हेच कैदी, आणि वर टेकडीवर चीफ कमिशनरचा (अंदमानच्या सर्वात वरच्या इंग्रज साहेबाचा) बंगला. कनिष्ठ स्टाफसाठी सबॉर्डिनेट्स क्लब वेगळा, म्हणजे पाव-अर्धा चौरस किलोमीटरच्या बेटावर पण साहेब आणि कारकून एकत्र नाचणार नाहीत 😄 बेकरी, चर्च, गोडं पाणी करायचा प्लांट, सगळं होतं.

मग १९४१ चा भूकंप, १९४२ ला जपानी आले, त्यांचे बंकर अजून आहेत तिथे. आता भिंतींना वडा-पिंपळासारख्या झाडांच्या मुळांनी असं धरलंय की झाड काढलं तर भिंत पण जाणार, त्यामुळे 'रिस्टोर करा' म्हणणाऱ्या वरच्या कमेंटवाल्यांनी जरा विचार करावा. माझ्या मते आहे तसं ठेवा, फक्त बांधणाऱ्यांबद्दल नीट बोर्ड लावा. आपली मराठी मंडळी सावरकरांमुळे सेल्युलर जेल बघतातच, समोरच दिसतं हे बेट (२०१८ पासून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप), तर दोन्ही एकाच दिवशी करा. आणि बेटावरच्या हरणांना चिप्स देऊ नका प्लीज.