फेविक्विक-सोड्याने जाळी टिकते म्हणे!

उन्हाळा तोंडावर आला की गाडीच्या बंपरला जाळी बसवायची हौस नागपुरात जोर धरते. त्यासोबत व्हॉट्सअ‍ॅपवर एक सल्लाही फिरू लागतो. सल्ला असा: फायबरच्या बंपरला मागून जाळी टेकवा, फेविक्विक सोडा, वर खाण्याचा सोडा भुरभुरा, पाच मिनिटांत दगड. घासायची गरज नाही, थिनरने पुसलं की पुरे. जोड जितका कडक तितका पक्का. आणि हे जमत नसेल तर बाथरूमचं सिलिकॉन आहेच.

यातला दगड होण्याचा भाग खरा आहे. सोडा अल्कधर्मी असल्यामुळे हा गोंद क्षणात आवळतो आणि सोड्याचे कण फट भरून काढतात. (डोळे झोंबवणारी वाफ निघते आणि जागा गरमही होते, ते व्हिडिओत दिसत नाही.) पण कडकपणालाच गुण समजणं ही या सल्ल्यातली मूळ चूक आहे.

एक मीटर लांबीची जाळी घ्या. तापमान 50 अंशांनी वाढलं की अ‍ॅल्युमिनियमची जाळी साधारण 1.15 मिलिमीटर लांबते, स्टेनलेस स्टीलची 0.85. फायबरग्लास, म्हणजे रेझिन नावाच्या घट्ट होणाऱ्या द्रवात काचेचे धागे बसवून केलेलं ‘फायबर’, त्यातल्या काचेच्या प्रमाणानुसार एक ते दीड मिलिमीटर. म्हणजे दोन्ही चिकटलेल्या वस्तू वेगवेगळ्या मापाने ताणल्या जातात, आणि हा फरक पोटात घालायचं काम मधल्या गोंदाचं. कागदाएवढा पातळ, ठिसूळ थर ते करू शकत नाही. त्याला बारीक चिरा जातात आणि मग एखादा गतिरोधक निमित्त होतो. वर आपला मे महिना. पारा 45 वर असताना उन्हात उभ्या काळ्या गाडीचा पृष्ठभाग 70 अंशांपलीकडे सहज जातो, आणि साधा झटपट गोंद 80 च्या आसपास हात टेकतो. दोन भागांचं साधं इपॉक्सीही, घरच्या तापमानात सुकवलेलं असेल तर, बऱ्याचदा 50-60 अंशांतच मऊ पडू लागतं. म्हणून ‘मग अ‍ॅराल्डाइट लावतो’ हे उत्तरही अर्धंच.

‘हा गोंद शंभर किलो पेलतो’ हा युक्तिवाद तर गैरलागूच. समृद्धीवर ताशी 120 ने जाताना चौरस मीटरच्या दहाव्या भागाएवढ्या जाळीवर, ती भरीव पत्रा आहे असं धरलं तरी, वाऱ्याचा दाब सात किलोच्या आसपास भरतो. तेवढं कुठलाही गोंद सोसेल. जोड सुटतो तो सततच्या थरथरीने आणि कडेपासून सोलला गेल्याने. पाकिटावरचा किलोचा आकडा बहुधा सरळ ओढण्याचा असतो. सोलण्याच्या ताकदीबद्दल तो काहीच सांगत नाही.

आता न घासण्याची गोष्ट. फायबरग्लासचा भाग साच्यातून सुटावा म्हणून साच्याला मेण लावतात, ते जेलकोटवर, म्हणजे बाहेरच्या गुळगुळीत थरावर, राहतं. आतली बाजू खरबरीत असते म्हणून ती सुरक्षित समजू नका. तिथे शेवटचा हात मेण मिसळलेल्या रेझिनचा असेल तर सुकताना मेण वर येऊन बसतं. मळक्या फडक्याने थिनर फिरवलात तर ते निघत नाही, नुसतं पसरतं. आधी अ‍ॅसिटोनने स्वच्छ पुसा, मग 80 नंबरच्या पॉलिश पेपरने चमक जाईपर्यंत घासा, पुन्हा नव्या कपड्याने पुसा. मागे रंगाचा फवारा उडालेला असेल तर तोही काढा, नाहीतर जाळी रंगाला चिकटेल आणि रंग जाईल तिथे जाईल. मास्क घाला, काचेची धूळ घशाला आणि कातडीला सोडत नाही.

सिलिकॉनबद्दल थोडक्यात: व्हिनेगरसारखा वास येणारं असेल तर ते काही धातूंना गंजवतं, आणि ते जिथे लागलं तिथे पुढे रंग धरत नाही. पेंटरला विचारा, तो हात जोडेल.

एक अडचण सल्ल्यात मुळातच नाही. कंपनीच्या गाडीला आलेला बंपर बहुतेक वेळा फायबरग्लास नसतोच, तो पॉलिप्रोपिलीनचा असतो. आतून पाहा, ‘पीपी’ अशी खूण उमटलेली दिसेल. त्याला प्रायमरशिवाय जवळपास काहीच चिकटत नाही, तिथे प्लास्टिक वेल्डिंग किंवा स्क्रू बरे. नंतर वेगळी घेतलेली बॉडी किट, जीपचं हार्डटॉप, यांत मात्र खरं फायबरग्लास सापडतं.

त्यासाठी माझं मत पीयूच्या, म्हणजे गाडीची काच बसवायच्या पॉलियुरेथेन गोंदाच्या, बाजूने आहे. तो सुकल्यावरही रबरासारखा लवचीक राहतो. दोन-तीन मिलिमीटरचा जाड थर द्या, जाळीची कड त्यात दाबा म्हणजे गोंद भोकांतून वर येऊन तारांना वेढेल, आणि टेप किंवा क्लॅम्पने धरून ठेवा. जाळी दाबून थर पातळ केलात तर वरचं सगळं गणित फुकट. पीयू हवेतल्या ओलाव्यावर सुकतो, दिवसाला साधारण तीन मिलिमीटर. मे महिन्यातल्या इथल्या कोरड्या हवेत तो जास्त वेळ घेतो, पावसाळ्यात लवकर होतो. उन्हाळ्यात करत असाल तर एक दिवस जास्त धरा, गाडी सावलीत ठेवा. थेट ऊन लागणाऱ्या जागी तो हळूहळू खराबही होतो, म्हणून जोड मागच्या बाजूलाच हवा.

जाळी कधी काढावी लागेल, जसं रेडिएटरच्या कामाला, असं वाटत असेल तर ती चिकटवूच नका. मागे पसरट डोक्याचे बोल्ट पीयूने चिकटवा आणि जाळी नटांनी आवळा. खर्च थोडा जास्त, पण पुढच्या वेळी पाना पुरतो, कटर लागत नाही.