भिंतीच्या आत काय केलं, ते विचारा

सिएटल, बेलव्यू, रेडमंड, बॉथेल भागातल्या आपल्या मराठी मंडळींसाठी हे लिहितोय. लांब झालंय, पण यंदा कुणी साइडिंग (भिंतीवरचं बाहेरचं फळ्यांचं आवरण) किंवा डेकचं (घराला लागून असलेला लाकडी ओटा) काम काढणार असेल तर सही करायच्या आधी वाचा.

एप्रिल लागला की ग्रुपवर विचारणा सुरू होते. "साइडिंग बदलायचंय, कुणी चांगला माणूस आहे का?" खाली पाच-सहा नंबर येतात आणि लगेच पुढचा प्रश्न, "किती घेतले?" मग रंग कुठला, फळी कुठल्या कंपनीची, समोरून काढलेले फोटो. घर देखणं दिसतं, सगळे अभिनंदन करतात. फळीच्या मागे काय केलं हे मात्र कुणी विचारत नाही, आणि इथल्या हवेत घर टिकणार की कुजणार हे तिथेच ठरतं. माझं स्पष्ट मत आहे की माणूस निवडायचा तो त्या झाकल्या जाणाऱ्या कामावरून.

आपल्यातले बरेच जण म्हणतात, "हा कसला पाऊस? पाऊस आमच्या कोकणात!" आकडे बघितले तर बरोबरच आहे. सिएटलला वर्षाकाठी साधारण हजार मिलिमीटर पडतो, मुंबईत त्याच्या दुपटीहून जास्त. पण मुंबईचा पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि मग कडक ऊन पडतं. इथे तो वर्षातले दीडशेच्या आसपास दिवस थोडा थोडा झिरपत राहतो. ऑक्टोबरपासून पुढे कितीतरी महिने भिंतीला वाळायला सवडच मिळत नाही. त्यात घर लाकडाच्या सांगाड्याचं, त्यावर लाकडाच्या चिपा दाबून केलेल्या पातळ शीट. कोकणातल्या जुन्या घराची भिंत चिऱ्याची, आणि तिलासुद्धा पाऊस लागू नये म्हणून छप्पर हात-दीड हात बाहेर काढून वळचण ठेवलेली. इथल्या नव्या घरांना कित्येकदा वळचण जेमतेम. म्हणजे भिंत थेट पावसात, आणि आत एकदा ओल गेली की बुरशीला सगळं आयतं.

हे काही मी घाबरवायला सांगत नाही. इथून गाडीने तीनएक तासांवर कॅनडातलं व्हँकुव्हर आहे. तिथे १९८० आणि ९० च्या दशकांत बांधलेल्या हजारो फ्लॅटच्या भिंती आतून कुजल्या. वळचण नाही, बाहेरून गुळगुळीत गिलावा, आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. त्या प्रांताचे, म्हणजे ब्रिटिश कोलंबियाचे, माजी प्रीमियर (मुख्यमंत्री) डेव्ह बॅरेट यांच्या अध्यक्षतेखाली १९९८ मध्ये चौकशी आयोग बसला. कित्येक कुटुंबांनी आयुष्याची पुंजी दुरुस्तीत घातली. त्यातून तिकडे नियम झाला की भिंत आणि बाहेरचं आवरण यांच्यात किमान १० मिलिमीटरची फट हवी, म्हणजे आत गेलेलं पाणी खाली उतरेल आणि हवा खेळून भिंत वाळेल. याला रेनस्क्रीन म्हणतात. आपल्या बाजूला प्रत्येक घराला ती सक्तीची नाही, म्हणून कोटेशनमध्ये असेलच असं नाही. तुम्हीच मागा. उभ्या पट्ट्या ठोकून वर साइडिंग मारायचं, एवढंच काम आहे. खर्च वाढतो, पण माझ्या मते पैसे कमी पडत असतील तर फळी साधी घ्यावी, पण फट गाळू नये.

गेल्या उन्हाळ्यात बॉथेलमध्ये एका मित्राच्या घराचं साइडिंग उघडलं तेव्हा मी तिथे होतो. छपराची कड जिथे भिंतीला येऊन संपते, तिथे पाणी पन्हळीत वळवायला पत्र्याचा एक छोटा वाकवलेला तुकडा लागतो, किकआउट फ्लॅशिंग. तो आधीच्या कॉन्ट्रॅक्टरने बसवलाच नव्हता. बाहेरून रंग व्यवस्थित, एक डागही नाही. आतली शीट काळी पडलेली, आणि मुकादमाने स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो मुठीपर्यंत आत गेला. ओल कोपऱ्यातल्या खांबापर्यंत उतरली होती. हाताएवढा पत्र्याचा तुकडा, आणि त्यापायी अख्खा कोपरा नवा उभा करावा लागला.

त्याच मुकादमाने खिडकी कशी बंद केली ते मी उभा राहून पाहिलं. आधी पाणी अडवणारी खालची पट्टी, मग दोन बाजूंच्या, सगळ्यात शेवटी वरची, प्रत्येक वरची पट्टी खालचीवर चढलेली. आपल्याकडे कौलं शाकारताना करतात तसंच, पाणी कायम वरून बाहेर. मग खिडकीच्या डोक्यावर पत्रा बसवला आणि त्याच्या वरची फट मोकळी ठेवली. तिथे सीलंट भरलं की नीटस दिसतं, पण मागचं पाणी आतच कोंडतं. कोटेशन द्यायला येणाऱ्याला एवढंच विचारा, "खिडकीच्या वर काय करणार?" ज्याला येतं तो लगेच कागदावर काढून दाखवतो. जो "आम्ही सगळं सील करतो" म्हणतो, त्याला चहा पाजून निरोप द्या.

डेकची गोष्ट जिवाशी येते. १६ जून २०१५ रोजी कॅलिफोर्नियात बर्कलीला पाचव्या मजल्याची बाल्कनी कोसळून सहा तरुण मुलं गेली. आधाराच्या तुळया ओलीने आतून कुजल्या होत्या, आणि ती इमारत दहा वर्षांचीही नव्हती. आपल्या घरी डेकचा जीव असतो लेजर बोर्डमध्ये, म्हणजे घराला लागून बसणाऱ्या आडव्या तुळईत. ती साइडिंगवरच ठोकलेली नको. साइडिंग कापून, मागे-वर फ्लॅशिंग (पाणी बाहेर वळवणारा पत्रा) घालून, बोल्ट किंवा त्यासाठीच्या जाड स्क्रूंनी घराच्या सांगाड्याला आवळलेली हवी, नुसत्या खिळ्यांवर लटकलेली नको. स्क्रू आणि ब्रॅकेट जाड गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेसचे, कारण प्रक्रिया केलेल्या लाकडातलं तांबं साधं लोखंड खातं. वरच्या फळ्या कंपोझिट (लाकूड-प्लास्टिकच्या मिश्रणाच्या) घेतल्या की डेक आयुष्यभराचा झाला असं समजू नका. खालचा सांगाडा लाकडाचाच असतो.

परवान्याचं टाळू नका. सिएटल शहरात जमिनीपासून १८ इंचांपर्यंतच्या डेकला तो सहसा लागत नाही, त्याहून उंच असेल तर लागतो. बाकीच्या गावांचे नियम वेगळे आहेत, आपापल्या सिटीत विचारा. "परमिट नको, पैसे वाचतील" असं कॉन्ट्रॅक्टर स्वतःहून म्हणाला तर तिथेच थांबा. इन्स्पेक्टर येऊन लेजर बघून जातो, हा फायदा आपलाच आहे.

आता कागदपत्रं. वॉशिंग्टन राज्यात कॉन्ट्रॅक्टरची नोंदणी लेबर अँड इंडस्ट्रीज खात्याकडे असते आणि ती ऑनलाइन दोन मिनिटांत तपासता येते. बॉन्ड (काम फसलं तर भरपाईसाठीची हमी) आणि विमा चालू आहे का, बॉन्डवर कुणी दावा लावलाय का, सगळं दिसतं. पण हे नीट लक्षात घ्या, त्या नोंदणीसाठी कामाची कुठलीही परीक्षा नसते. शेजारच्या ओरेगनमध्ये निदान प्रशिक्षण आणि परीक्षा आहे. शिवाय जनरल कॉन्ट्रॅक्टरचा बॉन्ड जुलै २०२४ पासून ३०,००० डॉलर झाला असला तरी तो काही एकट्या तुमच्यासाठी राखून ठेवलेला नसतो. म्हणून "लायसन्स्ड, बॉन्डेड, इन्शुअर्ड" हे शब्द ट्रकवर दिसले की समाधान मानणं मला पटत नाही. त्याने पाच-सात पावसाळे आधी केलेल्या कामाचा पत्ता मागा आणि जाऊन बघा. मागच्या महिन्यातलं काम सगळ्यांचंच छान दिसतं.

सही करणारा एक आणि हातोडी धरणारा दुसरा, हेही इथे सर्रास आहे. कामावर कोणाची टोळी येणार ते आधी विचारा. आणि तुम्ही मुख्य कॉन्ट्रॅक्टरला पूर्ण पैसे दिलेत, पण त्याने पोटकंत्राटदाराला किंवा लाकूडवाल्याला दिले नाहीत, तर ते तुमच्या घरावर लीन, म्हणजे थकलेल्या पैशांचा कायदेशीर बोजा, टाकू शकतात. प्रत्येक हप्ता देताना लीन रिलीजचा कागद घ्या. यात संकोच कसला? चांगला कॉन्ट्रॅक्टर तो स्वतःच पुढे करतो.

करारात एक ओळ हट्टाने घालून घ्या: जुनं साइडिंग काढल्यावर, आणि नवं चढवायच्या आधी, प्रत्येक भिंतीचे, खिडकीचे आणि लेजरचे फोटो मिळतील, त्याशिवाय पुढचा हप्ता नाही. कुजकं लाकूड निघालं तर प्रत्येक शीटचा दर किती, तेही आधीच लिहून घ्या, नाहीतर भिंत उघडी आणि पाऊस तोंडावर असताना तो सांगेल ती किंमत द्यावी लागते. खरे कोरडे महिने जुलै ते सप्टेंबर, आणि चांगली माणसं तोपर्यंत बुक झालेली असतात. कोटेशन थंडीतच मागवा.

आणि ज्यांचं काम या उन्हाळ्यात निघेल त्यांना विनंती, ग्रुपवर घराच्या समोरच्या फोटोबरोबर उघड्या भिंतीचेही फोटो टाका. किकआउट, खिडकीचं डोकं, लेजर. भाव तर सांगाच, पण त्या भावात हे तिन्ही होतं की नाही तेही लिहा. पुढच्या माणसाला नंबर निवडताना त्याचाच उपयोग होईल.