वरचे आठ सेंट

न्यू जर्सीत रविवारच्या पेपरबरोबर कूपनांची रंगीत पुरवणी येते. आम्ही ती मेथी निवडायला अंथरत असू. मग सांगलीहून आई राहायला आली आणि मेथीखाली जुना टॉवेल आला.

आईने आयुष्यभर साबणाची वेष्टनं जमवून चमचे मिळवलेत आणि चहाच्या रिकाम्या पुड्यांवर बरण्या. त्यामुळे तिला मूळ तत्त्व शिकवावं लागलं नाही, नियम तेवढे सांगितले. एक कूपन कंपनीचं, एक दुकानाचं. बहुतेक ठिकाणी एका वस्तूवर दोन्ही चालतात, पण कंपनीची दोन चालत नाहीत. आणि कूपन हातात आलं की लगेच धावायचं नाही, वस्तू सेलमध्ये यायची वाट बघायची.

"म्हणजे मुहूर्त," आई म्हणाली आणि कात्री घेऊन बसली.

पहिला मुहूर्त कपडे धुण्याच्या साबणाचा लागला. ६.९९ डॉलरची बाटली सेलमध्ये ३.९९ ला. त्यावर कंपनीचं कूपन २ डॉलरचं, दुकानाचं १ डॉलरचं. राहिले ९९ सेंट. हा हिशोब आईने माझा फोन उघडायच्या आत तोंडी केला. पावतीवर मात्र १.१९ आले.

"वरचे वीस कसले?"

"विक्रीकर. ६.६२५ टक्के."

"नव्व्याण्णव सेंटवर वीस? हा जिझिया आहे!"

कर नव्व्याण्णववर नव्हताच, २.९९ वर होता. दुकानाचं कूपन म्हणजे दुकानाने सोडलेले पैसे, ते किमतीतून वजा होतात. कंपनीच्या कूपनाचे पैसे कंपनी दुकानाला मागाहून भरून देते, म्हणून सरकारच्या लेखी ते दोन डॉलर दुकानाला मिळालेलेच असतात. हे सगळं मी गाडीत बसून समजावलं. आई गप्प. ती गप्प झाली की मी गाडी सुरू करत नाही.

"म्हणजे त्या कंपनीच्या कूपनात दुकानदाराचं काहीच गेलं नाही?"

"नाही."

"त्यावर बारीक अक्षरात काय लिहिलंय? वाच."

वाचलं. कूपनाची रक्कम, अधिक हाताळणीचे आठ सेंट, दुकानाला देऊ.

"कापायचं मी, जपायचं मी, आणि वरचे आठ सेंट त्याला?"

सांगलीच्या मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवरून आई जो वाद घालते तो दोन रुपयांसाठी नसतो. भाजीवाल्याने "मावशी, नाही हो परवडत" म्हणून तोंड पाडलं पाहिजे, त्याशिवाय तिच्या कोथिंबिरीला वास येत नाही. इथे काउंटरवरची मुलगी टुक टुक करत कूपनं दाखवते आणि हसून सांगते, तुमचे सहा डॉलर वाचले. कुणी हरल्याची खूण नाही. भांडायला समोर माणूसच न ठेवता भाव पाडायचा, ही पद्धत कुणी काढली असं आईने विचारलं. मी तिला कोका-कोलाचं सांगितलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अटलांटाच्या या कंपनीने एक पेला फुकट मिळण्याची तिकिटं वाटली होती.

"पहिला पेला फुकट आणि पुढे सव्वाशे वर्षं विकत," आई म्हणाली. "हुशार हो मेले!"

आमची खरी पंचाईत अशी की तूरडाळ, पोहे, गूळ यांचं कूपन कधी येत नाही. येतं ते सिरीयलचं, डबाबंद सूपचं, सॅलडवर ओतायच्या पांढऱ्या पातळ प्रकारांचं आणि मांजराच्या खाण्याचं. मांजर आमच्याकडे नाही. पिवळा मस्टर्ड मात्र जवळजवळ फुकटात पडला आणि इतका पडला की शेवटी आईने तो फेसलेल्या मोहरीच्या जागी काकडीच्या कोशिंबिरीत घातला. जावयाने दोनदा मागून घेतली. नाकात चढत नाही, एवढीच आईची तक्रार.

नाकात चढण्याचा प्रसंग काउंटरवर आला. एका कूपनावर मुदत होती ०६/०७ आणि जून अर्धा सरला होता. अमेरिकेत आधी महिना लिहितात, म्हणजे कूपन ७ जूनलाच वारलेलं. आईच्या लेखी ते ६ जुलैपर्यंत ठणठणीत होतं. "सगळं जग आधी दिवस लिहितं," हे तिने त्या मुलीला शुद्ध मराठीत सुनावलं. मागे रांग वाढली. मी च्युइंगगमच्या पाकिटांकडे बघत राहिले.

आमच्या मागे एक गोऱ्या आजी होत्या, हातात कूपनांची जाडजूड फाइल. त्यांनी पानं उलटली आणि त्याच वस्तूचं जिवंत कूपन आईपुढे धरलं. आईने पर्समधून मांजराच्या खाण्याची होती नव्हती ती सगळी काढून त्यांना दिली. मग दोघी दाराशी उभ्या राहून बराच वेळ बोलल्या. कोणत्या भाषेत, ते मला गाडीतून ऐकू आलं नाही.

हल्ली बरीचशी कूपनं कागदावर नसतातच. ॲपमध्ये टिचकी मारून ती आपल्या फोन नंबरावर चढवायची, काउंटरवर नंबर टाकायचा. एका नंबरावर एक कूपन एकदाच. पुढच्या आठवड्यात मी आमचा नंबर टाकला तर यंत्र म्हणे, वापरून झाली. सगळी. मी मॅनेजरला बोलवायला वळले, तेवढ्यात आईने दंड धरला.

"उगाच ओरडू नकोस. काल तिने वापरली. मीच दिला नंबर."

आणि पर्समधून एक चिठ्ठी काढून माझ्या हातात ठेवली.

"आता तू तिचा टाक."